लांबच्या टोकाचा जोड

दादा,

काल तुमचं तेरावं झालं आणि आज सकाळी मी तुमची हत्यारांची पेटी उघडली. तुम्हाला न विचारता. बारा वर्षांत त्या निळ्या पत्र्याच्या पेटीला मी आपणहून कधी हात लावला नव्हता. लावायला गेलो की तुम्ही "ऱ्हाऊ द्या पावनं, हात काले होतील" म्हणत ती स्वतःकडे ओढून घ्यायचात. आज ओढून घ्यायला कुणी नव्हतं. कडी काढली, झाकण वर केलं, आणि सोल्डरच्या राळेचा तो वास आला.

आईंनीच सांगितलं होतं. चहाचा कप पुढे ठेवता ठेवता म्हणाल्या, "तो दिवा तेवढा लावून द्या, पावनं. झाकून ठेवलेला बगवत नाय." तुमचा दिवा पडवीत भिंतीला टेकून उभा होता, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. सोळा फूट लांबीचं काम, आठ-आठ फुटांचे दोन तुकडे. सगळं तयार, फक्त भिंतीवर चढायचं राहिलेलं. आणि मला भिंतीपेक्षा जास्त भीती त्याच्या लांबच्या टोकाची होती. ती का, हे तुम्हाला माहीत असेल किंवा नसेलही. आपण त्यावर बोललोच नाही.

मी तुमच्या घरी आलो तो तुमच्या मनाविरुद्ध. घाटावरचा, दुसऱ्या जातीचा, पनवेलच्या शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर, वैशालीनं स्वतः पसंत केलेला. एकुलत्या एका मुलीनं असं केल्यावर गावात तुम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. पण तुम्ही मला एका शब्दानं दुखवलं नाहीत. उलट इतका मान दिलात की मी त्याखाली गुदमरलो. चांगली खुर्ची माझी, पंख्याखालची जागा माझी, पापलेटचा मधला तुकडा माझा. टाकीचा पाइप फुटला तेव्हा सत्तरीला आलेले तुम्ही शिडीवर आणि चाळिशीचा मी खुर्चीत, हातात चहा. उठलो की "तुमी बसा." मी वैशालीला घरी जाताना म्हणायचो, "तुझे वडील मान देत नाहीत, कुंपण घालतात." ती म्हणायची, "तुला सगळ्यातच काहीतरी दिसतं." पण मला खरंच तसं वाटायचं, दादा. घरच्या माणसाला कुणी इतकं जपत नाही. घरच्या माणसाला हाक मारून काम सांगतात.

दिव्याचं सुरू झालं ते आईंच्या बोटापासून. त्यांची नजर उतरत चाललेली, आणि स्वयंपाकघरातली ट्यूब त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर. ओट्याशी उभ्या राहिल्या की त्यांचीच सावली विळीवर. एकदा बोंबील कापताना अंगठा चांगलाच कापला. तुम्ही तेव्हा मला नाही, स्वतःशीच म्हणालात, "तीस वर्सं ही बाई आपल्याच सावलीत काम करते नि माज्या ध्यानात नाय आलं." तुमची सगळी नोकरी शेव्याच्या बंदरात वीज सांभाळण्यात गेली होती. थंड ठेवायच्या कंटेनरांच्या रांगाच्या रांगा तुम्ही चालू ठेवल्यात आणि घरची ट्यूब मात्र चुकीच्या भिंतीवर राहिली, हे तुम्हाला फार लागलं.

मी तिथं उडी मारली. दिवाळीला पाच मीटर एलईडी पट्टीचं रीळ आणून दिलं, सोबत पाच अँपिअरचा अडॅप्टर. तुमचं "तुमी बसा" न ऐकता फडताळाच्या खालच्या कडेला, ओट्यापासून मागच्या मोरीपर्यंत, स्वतःच्या हातानं चिकटवून टाकलं. बटण दाबलं. उजेड पडला. मी मोठ्या ऐटीत विचारलं, "कसं आहे?" तुम्ही अडॅप्टरच्या पाठीवर तळवा ठेवलात, पट्टीच्या शेवटापर्यंत नजर फिरवलीत आणि म्हणालात, "झकास हाय, पावनं."

ती पट्टी सहा अँपिअर ओढते. पाचाचा अडॅप्टर तिला पुरणार नाही हे तुम्हाला त्या तळव्यानंच कळलं होतं. ओहमचा नियम दरवर्षी नववी-दहावीला शिकवणाऱ्या मला कळलं नव्हतं. तरी तुम्ही गप्प बसलात. का, तर जावयाची चूक जावयाला दाखवायची नसते.

पुढचे चार महिने मी जेव्हा जेव्हा आलो तेव्हा दिवा छान चालू असायचा. मी खूश. आणि मग एका रविवारी जेवताना आईंच्या तोंडून निघून गेलं, "तुमी यायच्या दिशी हे सकालपासून ती पट्टी चिकटवत बसतात." तुम्ही त्यांच्याकडे असं बघितलंत की बिचाऱ्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. पण वैशालीनं सगळं काढून घेतलंच. अडॅप्टर तापून दर पंधरा मिनिटांनी दम टाकायचा. फोडणीच्या वाफेनं मागचा गोंद सुटायचा. एकदा तर पट्टीचं शेवटचं टोक लोंबकळून थेट कालवणात पडलं होतं. आणि उजेड ओट्यावर ठीक, पण मोरीकडे, म्हणजे जिथं आई मासे साफ करतात नेमका तिथं, पिवळट आणि मेलेला. चार महिने त्या अंधारातच बसत होत्या आणि तुम्ही दोघं माझ्यापुढे नाटक करत होतात.

मी ताटावरून उठलो. मला आजही त्याची लाज वाटते. मी म्हणालो, "बाजारात तयार मिळतं, उद्या घरपोच येईल, एवढी सर्कस कशाला?" आणि मग जे खरं म्हणायचं होतं तेही म्हणालो, "मला पाहुणा का समजता तुम्ही? बारा वर्षं झाली. चूक केली तर चूक म्हणून सांगता येत नाही का?" तुम्ही भाताचं शितन्‌शीत संपवलंत, हात धुतलेत आणि पडवीत जाऊन बसलात. मी निघालो तेव्हा नेहमीसारखे गाडीपर्यंत सोडायला आलात. तेही मला टोचलं.

दोन आठवड्यांनी तुमचा फोन आला. तुम्ही मला कधी फोन करत नव्हतात, वैशालीला करायचात. आधी बराच वेळ ट्रेलरांचे हॉर्न ऐकू येत राहिले, बहुधा रस्त्याच्या कडेला उभे होतात. मग म्हणालात, "रविवारी मोकले हाव का? दिवा नीट बांदतो. मला दोन हात कमी पडतात."

मी शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो. तास सुरू झाल्याची घंटा झाली आणि मला ती ऐकूच आली नाही.

मग आपले ते तीन रविवार, दादा. पहिल्या रविवारी पनवेलच्या बाजारात फिरलो. पट्टी आत बसवायला ॲल्युमिनियमची पन्हळ, तिच्यावर बसणारं दुधी झाकण, दहा अँपिअरचा पॉवर सप्लाय. दुकानदार पट्टीचा नवा प्रकार दाखवत होता, रिमोटवर रंग बदलणारा. तुम्ही म्हणालात, "तिला मासा दिसायला पायजे, नाच नाय दाकवायचा." उजेड कमीजास्त करायचं बटण मी हट्टानं घेतलंच. त्यावरून परत येईपर्यंत आपलं वाजत राहिलं. तुमचं म्हणणं, दिवा एकतर लावायचा नायतर विझवायचा, मधलं काय? माझं म्हणणं, सणासुदीला मंद बरा दिसतो. मी स्कूटर चालवतोय, मागे तुम्ही त्या आठ फुटी पन्हळी भाल्यासारख्या उभ्या धरून बसलाय, उरण रोडला कंटेनरचे ट्रेलर अंगावरून जातायत आणि आपण भांडतोय. तुम्ही माझ्याशी भांडताय, हे माझ्या लक्षात आलं आणि मी मुद्दाम भांडण लांबवलं. ते बटण अजून माझ्या पिशवीत आहे. वाद मिटलेला नाही.

आणि मग तुमचे हात. ते थरथरायला लागून वर्ष झालं होतं. चहाचा कप बशीवर वाजायचा म्हणून तुम्ही चारचौघांत चहा घेणं सोडलं होतं. दुसऱ्या रविवारी पडवीत चटईवर बसून तुम्ही तापलेली सोल्डरिंगची कांडी उचललीत, तेव्हा तिचं टोक वाऱ्यातल्या पानासारखं हलत होतं. मी पट्टी धरून बसलो होतो आणि माझ्या बोटांची काळजी करत होतो. टोक खाली आलं, पट्टीवरच्या त्या मुगाएवढ्या तांब्याच्या ठिपक्यापाशी आलं, आणि थांबलं. पूर्ण थांबलं. तुमचा श्वाससुद्धा. कथील टेकवलंत, ते वितळलं, ठिपक्यावर पसरलं, वायरच्या कडेनं वर चढलं. टोक उचललंत आणि हात पुन्हा थरथरायला लागला. जोड मात्र चकचकीत, गोल, जणू तिथंच उगवलेला. मी वीस वर्षं वीज शिकवतोय. फळ्यावर बाण काढून विद्युतधारा दाखवतो. पण वीज कळलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. ठिपक्याला टेकण्याच्या त्या दोन सेकंदांपुरता तुमच्या हातांनी आजार बाजूला ठेवला, तो कसा, हे मला अजून उमगलेलं नाही. मी तुम्हाला तसं बोललोही नाही. "छान झाला" एवढंच म्हणालो.

तेव्हाच तुम्ही मला बंदरातली रीत सांगितलीत. खाऱ्या हवेत जोड कुजतो, तांब्यावर हिरवं चढतं. म्हणून प्रत्येक जोडावर पारदर्शक नळी चढवायची, गरम केली की ती आकसून जोडाला गच्च धरते. आणि नळी आकसायच्या आधी आत कागदाची चिठ्ठी सरकवायची. जोड ज्यानं केला त्याचं नाव. पुढं कधी बिघडला तर कुणाला हाक मारायची ते कळावं. मी विचारलं, "आणि बाहेरच्या ठेकेदाराच्या माणसानं केला असेल तर?" तुम्ही वायर सोलता सोलता सहज म्हणालात, "भायेरच्याचा जोड आमी ठेवत नव्हतो. कापायचा नि आपला करायचा."

दिव्याला एकूण दोन बाजूंनी वीज द्यायची होती. एकाच टोकानं दिली तर पाच मीटर जाता जाता ती दमते आणि मोरीकडचा उजेड मरतो. म्हणून एक वायरची जोडी पन्हळीच्या आतून थेट लांबच्या टोकाला न्यायची आणि पट्टीला तिकडूनही पाजायचं. मी म्हणालो होतो, आठवतं? "एवढ्याशा फरकानं डोळ्याला काही कळत नाही, दादा, मी गणित करून दाखवतो." तुम्ही म्हणालात, "गनित बरोबर आसंल. पन तिकडच्याच टोकाला ती बसते ना."

आणि तिसऱ्या रविवारी ते लांबचं टोक तुम्ही माझ्या हातात दिलंत. सोल्डरिंगची कांडी पुढे केलीत, मूठ माझ्याकडे करून. "हा तुमी करा."

पहिल्यांदा मी नळी चढवायलाच विसरलो. तुम्ही बघत होतात, आणि या वेळी तुम्हाला ते सोसलं नाही. अर्ध्यात हात धरलात, "आदी नली, मग जोड." मला इतका आनंद झाला की पुढचा जोड बिघडलाच. कथील एका बाजूला कललं, गोळा झाला, लाल वायरच्या कडेला प्लास्टिक जळून काळा डाग पडला. चमक अजिबात नाही. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून, टोक डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिलात. माझ्या वर्गातल्या मुलांना प्रयोगवही देताना काय वाटत असेल ते मला तेव्हा समजलं. शेवटी म्हणालात, "बरं हाय." आणि लगेच, "उशीर होईल तुमाला. बाकीचं मी बगतो."

बस्स. एवढं बोलून तुम्ही मला परत खुर्चीत बसवलंत, असं मला वाटलं. गाडी चालू करता करता मी वैशालीला म्हणालो, "मी गेलो की कापतील बघ." चार दिवसांनी, गुरुवारी, तुम्ही दुपारचं जेवून पडवीत आडवे झालात आणि उठलाच नाहीत. शेजारच्यांचा फोन आला. मी शाळेतून तसाच निघालो. रस्ताभर मला तो जोड आठवत होता, आणि अशा वेळी हे काय सुचतंय म्हणून मी स्वतःला शिव्या घालत होतो.

आज लुगडं सोडलं. जवळच्या टोकाचं झाकण आधी सरकवलं. तुमचा जोड, त्यावर नळी, आत चिठ्ठी. तुमचं अक्षर, ओळी हललेल्या, पण वाचता येतं: गणपत. मग लांबच्या टोकाकडे जायला मी फार वेळ लावला. आधी स्क्रू शोधले. मग पाणी प्यायलो. आईंनी विचारलं, "काय बिगडलंय का?" म्हटलं, नाही.

झाकण सरकवलं. काळा डाग होता. उजवीकडे कललेला गोळा तसाच होता. कापलेला नव्हता, घासलेला नव्हता, त्यावर तुमच्या कथिलाचा एक थेंबसुद्धा नव्हता. त्याच्यावर नळी गच्च बसवलेली, एकही बुडबुडा नाही, इतकी सुरेख. आणि नळीच्या आत चिठ्ठी. तीन अक्षरं लिहायला तुम्हाला किती वेळ लागला असेल, दादा, त्या हातांनी? अनुस्वार दोनदा गिरवलेला. संदीप.

तुम्ही मला बारा वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नाहीत. मी चटईवर बसून लहान मुलासारखा रडलो. आई बाहेर आल्या, शेजारी बसल्या, आणि त्याही रडल्या, त्यांच्या कारणासाठी.

मग काम केलं. मला तुम्ही बारा व्होल्टच्या बाजूलाच ठेवलं होतं. "घरची लाइन माजी, तिकडची तुमची." आज दोन्ही माझ्याकडे. तुमचंच वाक्य मोठ्यानं म्हणत गेलो, आदी मेन बंद, मग टेस्टर, मग हात. आई दारातून ऐकत होत्या. पन्हळ फडताळाखाली स्क्रूनं बसवली. फेज, न्यूट्रल, हिरवी अर्थिंगची, तिन्ही वायरी दोन-दोनदा ओढून बघितल्या. मोरीकडचं झाकण तेवढं वीतभर उघडं ठेवलं. माझ्या जोडात लाल-काळी उलटी झाली असेल तर सगळं शॉर्ट होऊन बसणार होतं, कारण दोन्ही टोकं लावून आपण दिवा कधी तपासलाच नव्हता. तुम्ही एकट्यानं तपासलात का? की तसाच बंद केलात, माझ्यावर सोडून? हे मला आता कधीच कळणार नाही. मी स्टुलावर उभा राहून आईंना म्हणालो, "मेन चालू करा." त्यांनी वर केला, आणि मी बटण दाबलं.

दादा, तुम्ही बघायला हवं होतं. ओट्यापासून मोरीपर्यंत एकसारखा उजेड, कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. तुमच्या टोकाकडून निघालेला आणि माझ्या टोकाकडून निघालेला मध्ये कुठं भेटतो ते शोधूनही सापडेना. भर सकाळी, खिडकी उघडी असताना, ते स्वयंपाकघर मला नवं दिसलं. मसाल्याच्या डब्याचं पितळ, भिंतीवरचे तेलाचे थेंब, आईंच्या हातावरच्या शिरा. त्या ओट्याशी गेल्या, तळवा पसरला, उलटा केला, सुलटा केला. सावली नव्हती. कितीतरी वेळ त्या स्वतःचा हात बघत राहिल्या आणि मी त्यांना बघत राहिलो, आणि दोघांनाही वाटत होतं की आवाज केला तर हे जाईल.

मग हात भिंतीला लावत लावत त्या मोरीकडच्या टोकाला गेल्या. उघड्या झाकणापाशी थांबल्या, मान वर केली. वर्षभरात पेपरचा मथळा न वाचता आलेल्या बाईनं त्या उजेडात चिठ्ठी वाचली, एकेक अक्षर लावत. "सं. दी. प." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यांनी लिवलंय?"

"हो."

"तुजा जोड हाय हा?"

मला एवढंच ऐकू आलं की त्या 'तुमचा' म्हणाल्या नाहीत. मी मान हलवली.

"मग वर उबा राहून काय बगतोस? खाली ये. टोपलीत मांदेली हायेत, यांच्या नावानं कालवण करते आज. बस, साफ कर."

मी उतरलो. मोरीवर पाटावर बसलो, माझ्याच टोकाच्या उजेडात. मासे साफ करायला मला येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही कधी करूच दिलं नाहीत. एक मांदेली उचलली, डोकं मोडलं, आपल्या मते व्यवस्थित मोडलं. आईंनी वाकून बघितलं. मी वाट बघत होतो, "झकास हाय, पावनं" येतं का याची.

"असं नाय रे, संदीप," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातला मासा काढून घेतला. "इकडं बग. परत कर."